शेवटच्या ‘सावधान’आधी

चहा घ्या आधी. ही गोष्ट एकदा सुरू केली की मी मध्ये थांबत नाही, आणि मग चहा गार झाला म्हणून मलाच बोल लावाल. आणि हसू आलं की हसून घ्या, लाजू नका. आमची मंदा, म्हणजे माझी बायको, दर वेळी हसते आणि वर म्हणते, "अहो, हे सांगतात ते कमीच आहे!"

तर मी एका लग्नात… नाही, थांबा. आधी मी कोण ते सांगतो. माणूस किती उंचावर चढला होता ते कळल्याशिवाय तो पडल्याची मजा कशी येणार?

मी बँडमास्तर. लग्नात बँड वाजतो ना, त्याच्यापुढे लाल कोट घालून, हातात छडी घेऊन उभा असतो, तो. बँड आमच्या आजोबांचा, मूळचा सायखेड्याचा. वडिलांनी त्याला कीबोर्ड जोडला. मी भोंगे जोडले. शेवटी गाडीवर इतके भोंगे चढले, की माणसं वाजवतायत की गाडीच वाजतेय, काही कळेना. नवरदेवाचं घोडं बिथरायचं. एका ठिकाणी तर नवरदेवच बिथरला!

मग एक दिवस द्वारकेच्या चौकात भंगारच्या दुकानात मला एक जुनं पितळी ट्रम्पेट दिसलं. पोचे आलेलं, काळं पडलेलं. सहज तोंडाला लावून फुंकलं, तर काय सांगू! रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानं मान वळवून बघितलं. द्वारकेला, बरं का! जिथं ट्रकनं कानात हॉर्न मारला तरी माणूस ढिम्म हलत नाही, तिथं! त्या आवाजात काही तरी होतं, जे माझ्या एवढ्या मोठ्या गाडीत नव्हतं.

झालं. त्या दिवशी डोक्यात किडा शिरला. ठरवलं, आजोबांच्या वेळी जसा बँड वाजायचा तसाच वाजवायचा. अगदी जसाच्या तसा.

भोंगे विकले. कीबोर्ड विकला. ढोलांचं प्लास्टिक काढून चामडं चढवलं. दमट हवेत ते चामडं ढिलं पडतं, म्हणून आचाऱ्याच्या हातापाया पडून त्याच्या चुलीवर ढोल शेकायचे. आचारी म्हणायचा, "मास्तर, मीठ-बीठ टाकायचं का वरून?" कोट सुद्धा जुन्या पद्धतीचे, लोकरीचे शिवून घेतले. मे महिन्यात! आमचा युफोनियमवाला, म्हणजे ते मोठं पितळी वाद्य फुंकणारा, एका वरातीत घेरी येऊन पडला, तर मी त्याला म्हटलं, "अरे, आजोबांच्या वेळी पण पडायचे." मला तेव्हा हे फार मोठं उत्तर वाटलं होतं.

गावोगाव फिरलो. जुन्या माणसांना ओट्यावर गाठायचं, त्यांना त्यांच्या लग्नातल्या चाली गुणगुणायला लावायचं आणि त्या बसवायच्या. चाल किती संथ, पावलं किती, ट्रम्पेट कुठं गप्प बसायचं, सगळं विचारून घेतलं. एका कॉलेजात मला व्याख्यानाला सुद्धा बोलावलं होतं. तिथल्या सरांनी माझी ओळख ‘कंडक्टर’ म्हणून करून दिली, आणि माझी छाती अशी फुगली की घरी येऊन म्हटलं, आता कार्डावर हेच छापायचं.

मंदा म्हणाली, "नका हो. लोक सुट्टे मागतील."

मग ‘अस्सल जुन्या पद्धतीचे बँड संचालक’ असं छापलं. ती त्यावर पण बोललीच. "सगळं जग पुढं चाललंय, आणि तुम्ही मागं चाललाय. ते पण बँड वाजवत!"

आणि खोटं कशाला बोलू? वाजवायचो भारी. आमच्यासारखं कोणी वाजवत नव्हतं. अडचण एवढीच, की आमच्यासारखं कोणाला हवंही नव्हतं.

आमचे रामभाऊ म्हणजे साइड ड्रमवाले, वयानं माझ्याहून मोठे. सगळ्या वाजवणाऱ्यांच्या वतीनं एकदा माझ्याकडे आले. टोपी काढून हातात घेतली. रामभाऊंनी टोपी काढली की समजावं, काही खरं नाही.

"मास्तर, तुमचं जुनं लय चांगलं हाय. पण त्याच्यावर कोणी नाचत नाय. सुपाऱ्या येत नाय. पोरं म्हणतात, हा हंगाम बघू. नाय जमलं तर बेंजो पार्टीत जाऊ."

"सगळे?"

"सगळे. मी बी." आणि खाली मान घालून पुढं म्हणाले, "मला बी घर हाय, मास्तर."

रामभाऊ गेले म्हणजे बँड गेला. मी एकटा छडी घेऊन काय माश्या हाकणार?

आणि तेवढ्यात, देव पावावा तसा, दिंडोरीकडून कदमांचा फोन आला. मोठे द्राक्ष बागायतदार. हंगाम आटोपला होता, मुलाचं लग्न काढलं होतं, गोरज मुहूर्तावर, त्यांच्याच मळ्यात. फोनवर मुलाचे वडील सुभाषराव.

"मास्तर, आमचे तात्या ऐकत नाहीत. म्हणतात, नातवाच्या लग्नात डीजे लावला तर मी खोलीतून बाहेर येणार नाही. त्यांना त्यांच्या लग्नात वाजला तसा बँड पाहिजे. सायखेड्याचा होता म्हणे."

सायखेड्याचा! अहो, म्हणजे माझे आजोबा! मी फोन हातात धरून उभ्या उभ्या गोल फिरलो. मंदा म्हणाली, "चक्कर आली का?"

रामभाऊंना म्हटलं, "बघा! कदमांकडे अख्खा तालुका जेवायला असतो. या एका लग्नात आपण जिंकलो की पुढचा हंगाम आपला."

"आन् नाय जिंकलो तर?"

"तर तुम्ही बेंजोत जा. मी नारळ फोडायला येईन."

आता लग्नातली एक गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. मंगलाष्टकांत प्रत्येक कडव्याला ‘सावधान’ येतं. आणि बँड वाजायचा तो फक्त शेवटच्या ‘सावधान’ला. त्याच क्षणी अंतरपाट निघतो, हार पडतात, अक्षता पडतात. बँडमास्तरची सगळी अब्रू त्या एका क्षणात असते. आमच्या घरात लहानपणापासून एकच ऐकत आलो, "आजोबांचा मुहूर्त कधी चुकला नाही." जेवताना ऐकलं, मार खाताना पण ऐकलं.

आता बँड उभा असतो मांडवाच्या दारात, भटजी पार तिकडे स्टेजवर. मग शेवटचं कडवं कोणतं हे कळणार कसं? हल्ली माईक असतो, सोपं आहे. पण मी सुभाषरावांना अट घातली, माईक लावायचा नाही.

"मास्तर, मागच्या लोकांना मंगलाष्टकं ऐकू येणार नाहीत हो!"

"पूर्वी कुठं ऐकू यायची?"

यावर त्यांनी माईकवाल्याला नको म्हणून कळवून टाकलं. मी इतक्या ठामपणे बोलायचो की माणसं ऐकायचीच.

जुनी पद्धत अशी, की भटजींजवळ एक माणूस उंचावर उभा करायचा. शेवटचं कडवं संपलं की तो उपरणं हलवणार, आणि बँड वाजणार. त्या कामाला सुभाषरावांचे धाकटे भाऊ अण्णा तयार झाले. सहा फूट उंच, वरून चौरंगावर उभे. पांढरंशुभ्र उपरणं. मी त्यांना दुपारी समजावलं, "अण्णा, उपरणं हाललं की आम्ही वाजवणार. बास. दुसरं काही नाही."

रामभाऊ मागून म्हणाले, "आन् थांबवायचं असलं तर काय करायचं?"

मी हसलो. "रामभाऊ, लग्न कधी थांबतं का?"

संध्याकाळ झाली. काय थाट होता, वा! वरात आली ती आमच्या संथ चालीवर. म्हातारी माणसं खुर्च्या पुढं ओढून बसली. तात्या पांढरा फेटा बांधून अगदी पुढच्या खुर्चीत, मांडीवर हातानं ताल धरून. मी तिरक्या नजरेनं रामभाऊंकडे बघितलं. रामभाऊ चक्क हसत होते! म्हटलं, झालं काम. बेंजोवाले बसा आता हात चोळत.

मंगलाष्टकं सुरू झाली. आम्हाला ऐकू येत होती ती फक्त माणसं. "सरका हो, दिसत नाही," "अक्षता कोणाकडे आहेत," "पोराला धर आधी." मध्येच थोड्या अक्षता उडायच्या, की समजायचं एक कडवं झालं. असं अंदाजानं चाललं होतं. पुष्कळ कडवी झाली, तेव्हा मी तयारी म्हणून छडी वर केली. मागे सगळ्यांनी वाद्यं तोंडाला लावली.

आता तिकडे स्टेजवर काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. भटजींची कडवी संपली होती, पण मुहूर्ताला अजून अवकाश होता. म्हणून नवरदेवाच्या आत्या, वत्सलाताई, स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणायला उभ्या राहिल्या होत्या. दोन्हीकडच्या नातेवाइकांची नावं गुंफलेली. महिनाभर पाठ केलेली! अजून आजोळच्या नावांपर्यंत सुद्धा पोचल्या नव्हत्या. आणि अण्णांनी बघितलं, की दारात मास्तरनं छडी उचललीय.

अण्णा घाबरले. त्यांना ओरडताही येईना, बहीण गात होती. त्यांनी काय केलं असेल? मला थांबवायला उपरणं हलवलं!

आणि मी वाजवलं.

अहो, वाजवलं म्हणजे काय, दणकावलं! एवढे दिवस साठवलेलं सगळं त्या पहिल्या ठोक्यात ओतलं. ट्रम्पेट असं उठलं, की झाडावरची पाखरं उडाली. अण्णा आणखी जोरात उपरणं हलवायला लागले. मला वाटलं, माणूस खूश झालाय! मी मागे वळून ओरडलो, "अजून जोरात!" तसे अण्णा दोन्ही हातांनी हलवायला लागले. मी म्हटलं, "अरे, लय वाढवा!" मग अण्णा चौरंगावरून उडी मारून, उपरणं डोक्यावर गरगर फिरवत, माणसांतून वाट काढत आमच्याकडे धावत सुटले.

मी रामभाऊंना ओरडून म्हटलं, "बघा! कोण म्हणतं आपल्या बँडवर कोणी नाचत नाही?"

मांडवाचं काय झालं म्हणता? बँड वाजला म्हणजे लग्न लागलं, हे आपल्याकडे पोरासोरांनाही कळतं. अख्ख्या मांडवानं हातातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या अक्षता फेकल्या. आणि अक्षता पडल्यावर आपला माणूस काय करतो? तुम्ही काय करता? खरं सांगा! नवरानवरीकडे ढुंकून सुद्धा न बघता पंगतीकडे पळतो! पळालेच सगळे. खुर्च्या पडल्या, चपलांचे जोड सुटले. बुंदी संपायच्या आत जागा धरायची म्हणून व्याही सुद्धा पळाले म्हणे.

स्टेजवर अंतरपाटाचं एक टोक धरणाऱ्यानं सोडून दिलं, दुसऱ्यानं धरून ठेवलं. भटजी बोंबलतायत, "धरा! धरा! मुहूर्त नाही झाला!" नवरदेवानं घाईघाईत हार घातला, तो पडला अंतरपाटावर. आणि बिचाऱ्या वत्सलाताई! काकाच्या नावावर येऊन थांबल्या होत्या, तोंड उघडंच राहिलं होतं.

तेवढ्यात अण्णा माझ्यापर्यंत पोचले. घामानं निथळत होते. मी छडी काखेत मारून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हटलं, "अण्णा, काय नाचलात हो!"

अण्णांना धाप लागली होती. "मास्तर… अजून… लग्न… लागायचंय!"

बँड एकेक करत बंद पडला. शेवटी एकटी झांज वाजली, ती पण चुकून.

तुम्हाला सांगतो, तेव्हा कुठं मी मांडवात नीट बघितलं. मांडव रिकामा. समोर चपला, उलट्या खुर्च्या आणि जमिनीवर सगळ्या अक्षता. पुढच्या खुर्चीत एकटे तात्या बसलेले, फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत. म्हटलं, गेलं! म्हाताऱ्या माणसानं एक इच्छा सांगितली होती आणि मी ती मातीत घातली. आजोबांचं नाव पण घातलं.

भटजींनी घड्याळ बघितलं आणि ओरडले, "मुहूर्त आत्ता आहे! अक्षता आणा! बँड कुठाय?"

अक्षता आचाऱ्यानं आणल्या, परातभर कोरडा तांदूळ. आणि बँड? बँडवाल्यांना नंतर वरातीत वाजवायचं असतं, म्हणून ते पहिल्या पंगतीला बसतात, हा पण जुना रिवाज आहे. तो मीच पुन्हा सुरू केला होता! मी मागे वळून बघितलं तर रामभाऊ सोडून कोणी नाही. सगळे बुंदीपुढे.

रामभाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, की मला बेंजो पार्टी ऐकू यायला लागली. पण माणूस खानदानी. ड्रम गळ्यात अडकवला. मी छडी टाकून दिली आणि एक क्लॅरोनेट पडलं होतं ते उचललं. पळत स्टेजजवळ गेलो. खऱ्या शेवटच्या ‘सावधान’ला आम्ही दोघंच वाजवत होतो, एक क्लॅरोनेट आणि एक ड्रम. हार पडले. घरच्या चार माणसांनी तांदूळ टाकला. सूर मात्र चांगला लागला होता. लागायचाच, त्यात माझी चूक काही नव्हती.

मग धीर करून तात्यांसमोर गेलो. वाकून पाय धरले. मागे सुभाषराव लालबुंद होऊन उभे, अण्णा उपरण्यानं वारा घेतायत, आणि तोपर्यंत पोटभर जेवून आमचा बँडही येऊन उभा राहिलेला.

"तात्या, माफ करा. तुमच्या लग्नासारखं करायला गेलो आणि सगळा विचका केला."

तात्यांनी डोळ्यांवरचा शेमला काढला. अहो, म्हातारा रडत नव्हता! हसत होता. हसून हसून डोळ्यांतून पाणी काढलं होतं.

"विचका कसला? अरे, माझ्या लग्नात बी अस्संच झालं होतं! तुझ्या आजानं मुहूर्ताच्या आधीच बँड वाजवला होता. सगळं गाव पळालं जेवायला. मी अंतरपाटाच्या अलीकडं हार घेऊन येड्यासारखा उभा. अन् पलीकडून आमची ही हसली. खुदकन. तोवर मी तिचा आवाज बी ऐकला नव्हता."

तात्यांची बायको जाऊन किती तरी वर्षं झालीयत हे मला सुभाषरावांनी आधीच सांगितलं होतं. वत्सलाताईंनी पदर तोंडाला लावला.

"आज परत तसंच ऐकू आलं बघ," तात्या म्हणाले. "ही नवी पोर बी हसली अंतरपाटाआड. सुभाष, धाकट्या नातीच्या लग्नाला बी हाच बँड सांगायचा. समजलं? अन् तुमच्या मित्रांना बी सांग."

सुभाषराव मान हलवत गेले. मागे रामभाऊंनी टोपी डोक्यावर घातली. ती घातलेली बघितली आणि माझा जीव भांड्यात पडला. बँड वाचला!

आणि जीव भांड्यात पडला की माझं तोंड सुटतं, काय करणार? छडी शोधून काढली, कोट खाली ओढून नीट केला, आणि सगळ्या बँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "म्हणजे तात्या, आमची पद्धत अगदी अस्सल निघाली म्हणायची! आजोबांसारखी, जशीच्या तशी!"

तात्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"जवळजवळ," ते म्हणाले. "फक्त तुझा आजा त्या दिवशी तोंड लपवून आचाऱ्यामागं बसला होता. तू छडी घेऊन टाळ्यांची वाट बघतोयस!"